'पुन्हा' म्हणायचं नाही

ओयोनेबाईंनी क्योटोत जन्मभर लग्नं जुळवली, पण असं डोकं फिरवणारं लग्न त्यांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. नवऱ्या मुलाच्या हौशी काकानं हलती चित्रं काढणारा माणूस बोलावला होता. नवरानवरीनं लग्नविधीतले साकेचे, म्हणजे तांदळाच्या दारूचे, घोट घेतले, की तो यंत्राचा दांडा थांबवून ओरडे, "पुन्हा!"

"जीभ आवरा!" बाई कडाडल्या. "लग्नात 'पुन्हा' म्हटलं की पोरीचं लग्न मोडून दुसरं होतं!"

"मावशी, ढग आला हो मध्येच. शेवटचं, पुन्हा एकदा..."

"अरे, परत तेच!" बाई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःचीच जीभ चावली.

चौथ्या खेपेला नवरी लालबुंद होऊन खिदळायला लागली, तसा बाईंचा धीर सुटला. नवरीची कापसाची पांढरी टोपी त्यांनी काढून घेतली, स्वतःच्या डोक्यावर नाकापर्यंत ओढली आणि नवरानवरीला आत पिटाळलं. मग कोपऱ्यात पेंगणाऱ्या स्वतःच्या नवऱ्याला त्यांनी हलवलं.

"अहो, उठा. इथे यंत्रापुढे येऊन बसा."

"आता कशाला?"

"लग्नाला! आपलं मोडून दुसरं झालं, तर माझं भलंच होईल."