चाळीस टक्क्यांच्या खाली

बॅटरीमामांनी माझ्या लॅपटॉपची बॅटरी पहिल्यांदा हातात घेतली, चारी बाजूंनी फिरवून पाहिली आणि गंभीरपणे विचारलं, "बाई, हिला पाणी कुठून घालायचं?" मी हसून बेजार झाले. ते हसले नाहीत. रेल्वेच्या डब्यातले दिवे-पंखे ज्या बॅटऱ्यांवर चालतात, त्यांत पाणी घालून त्या सांभाळण्यात त्यांची पूर्णेतली अख्खी नोकरी गेली होती. पाणी न पिणारी बॅटरी त्यांना पटेचना. "बिगरपाण्याची म्हणजे लय नाजूक असणार," असं म्हणून त्यांनी त्या दिवसापासून तिची जबाबदारी स्वतःकडे घेतली. मी काही त्यांना बोलावलं नव्हतं. माझ्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर, त्यामुळे बोलवायची गरजही नव्हती.

मी चुडाव्याच्या शाळेत शिकवते, गाडीनं जाते-येते. लॅपटॉप शाळेची माहिती भरण्यासाठी घेतलेला, तोही कुणाचा तरी वापरलेला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला मामा हजर. खिशात खोडरबर, मार्कर आणि चष्मा पुसायचं फडकं. आधी बॅटरी काढायची, तिचे पितळी दात खोडरबरानं घासायचे, पोटावर मार्करनं तारीख टाकायची. डब्याखालच्या बॅटरीवर ते खडूनं टाकायचे, तशीच. वर्षभरात माझी बॅटरी गावातल्या भिंतीसारखी रंगली.

एकदा मी अंथरुणात लॅपटॉप घेऊन बसलेली त्यांना दिसले. खालून गरम वारा निघत होता. मामा दारातूनच म्हणाले, "बाई, मे महिन्यात तुमच्या अंगावर गोधडी टाकली तर चालंल का?" आत जाऊन त्यांनी माझी परात आणली, पालथी घातली आणि लॅपटॉप तिच्यावर ठेवला. वर, "पोरांना शिकवायलात अन् स्वतःला एवढं कळंना?" असं ऐकवलंच. मला राग आला होता. परात मात्र अजून तिथंच आहे.

त्यांचा सगळ्यात कडक नियम चाळीसचा. महिन्यातून एकदा चार्जर काढून बॅटरी शंभरावरून उतरू द्यायची, पण चाळीस टक्के दिसले की बंद. "पार रिकामी केलेली बॅटरी मनातून उतरती," ते म्हणायचे. हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय ते मी विचारलं नाही, कारण त्यांनी ते मला लिहून दिलं असतं.

बॅटरी उतरेपर्यंत करायचं काय? तर सीडी लावायची. "ड्राइव्ह फिरवला न्हाई तर जाम होतोय," हे कारण. सीडी ते घरून आणायचे, धोतराच्या जुन्या मऊ तुकड्यात गुंडाळून. पुसायची ती मधून कडेकडे, सरळ. गोल पुसली तर त्यांच्या अंगावर काटा यायचा. ती कुठल्याशा लग्नाची, एवढंच मला दोन वर्षं ठाऊक होतं; मी तेव्हा माझ्या कामात असायची. तुम्हाला आत्ताच सांगते: त्यांच्या मुलीच्या, रेखाच्या लग्नाची ती सीडी होती आणि तिच्यात मामी होत्या. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांचा आवाज जगात आणखी कुठंच साठवलेला नव्हता. मामांच्या घरातलं सीडीचं यंत्र कधीच भंगारात गेलं होतं आणि आमच्या गल्लीत सीडी चालेल असा लॅपटॉप उरला होता एकच, माझा.

मला कळलं ते सीडी अडकली तेव्हा. ड्राइव्ह आत घरघरायला लागला आणि उघडेना. मी आपली सहज म्हणाले, "राहू द्या मामा, लग्नाचीच तर सीडी." मामा खाली बसले. म्हणाले, "मामी बोलती त्याच्यात." ड्राइव्हच्या कडेला बारीक भोक असतं, त्यात पिन घालून दाबलं की तो उघडतो, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. पण त्या दिवशी त्यांनी पिन माझ्या हातात दिली आणि ती मी घातली. सीडी बाहेर आली, धड होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्याशेजारी बसून पाहिलं. अर्ध्या तासानं मंडपात मामी दिसल्या. व्हिडिओवाल्यानं तोंडावर दिवा धरला, तशा त्या वैतागून म्हणाल्या, "माझ्यावर उजेड कशाला वाया घालायलास बाबा, पोरीवर धर की." एवढंच. मामांनी थोडा वेळ पुढं पाहिलं आणि चाळीस दिसताच झाकण लावलं.

मी म्हणाले, "हे मी तुमच्या फोनमध्ये घालून देते, रोज बघा." मामांनी मान हलवली. "फोनात बघितलं तर ड्राइव्ह कोण फिरवणार? अन् मंग तुमच्याकडं यायचं कशाला?" मला त्यांची इतकी माया वाटली की मी उठून चहाच टाकला.

बॅटरी मात्र म्हातारी व्हायला लागली. मामी पूर्वी बॅटरी साठ टक्के असताना पडद्यावर यायच्या, मग पन्नासला, मग पंचेचाळीसला. आणि एका रविवारी चाळीस आधी आले. मामांनी झाकण लावलं. मी भांडलेच. "चार्जर लावा, नाही तर जाऊ द्या खाली, एवढं काय आभाळ कोसळतंय?" "नियम सगळ्यांला सारखा," ते म्हणाले. मी झाकण उघडलं आणि हात आडवा धरून बसले. मामा हळूच म्हणाले, "बरं. मामीपुरतं." मामी सदतीसला आल्या. मामांनी लगेच झाकण लावलं आणि अपराध केल्यासारखं बॅटरीवर तारखेशेजारी '३७' लिहिलं.

गेल्या थंडीत दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि मामा गेले. माझे पहिले रविवार ओस पडले, हे मी कुणाला सांगितलं नाही. दहावं-तेरावं झाल्यावर रेखा पाथरीला परत निघण्याआधी ती सीडी घेऊन माझ्याकडे आली. तिच्याकडची कधीच खराब झाली होती. म्हणाली, "ताई, आईला बघायचंय. अन् ह्यात बाबा कुठं दिसतात का?"

मी परातीवर लॅपटॉप ठेवला. चार्जर सवयीनंच लावला नाही. मामी आल्या, बोलल्या. चाळीस कधीच मागे पडले होते. माझा हात झाकणाकडे गेला आणि मी तो मागे घेतला. तीस. पंचवीस. यापुढचं मी कधी पाहिलंच नव्हतं. अक्षता पडायच्या बेतात होत्या आणि कॅमेरा फिरत फिरत मंडपाच्या कोपऱ्यात गेला. तिथं लाऊडस्पीकरच्या बॅटरीवर एक माणूस वाकला होता. नुसती पाठ दिसत होती. मागून मामींचा आवाज आला, "आवं, पोरीचं लग्न लागायलंय, आता तरी सोडा की ती बॅटरी."

आणि ती पाठ, वर न बघता, म्हणाली, "आलो, आलो. एवढं पाणी घालतो."

रेखानं माझा हात घट्ट धरला. पडद्यावर अकरा टक्के होते. मी उठून चार्जर लावला आणि आम्ही ते पुन्हा पाहिलं.