जिला विकायचं तिच्यातच बसून: माजलगाव ते परळी, दोन दिवस

दोन महिने आमच्या घरात एकच विषय चालू होता. जुनी गाडी ठेवायची की काढायची?

गाडी सतरा वर्षांची, छोटी, एके काळी पांढरी. आजवर तिनं आम्हाला कधी रस्त्यात उतरवलेलं नाही. दोष आहेत, नाही म्हणत नाही. डावीकडे वळवली की हॉर्न आपोआप वाजतो. मागची डावी काच स्क्रू ड्रायव्हर घातल्याशिवाय खाली येत नाही, म्हणून तो कायम दाराच्या खणात असतो. एसीला दोनच गोष्टी ठाऊक, एक तर बंद नाही तर काश्मीर. पण चावी फिरवली की पहिल्या झटक्यात चालू होते, आणि आमच्या घरात एवढं कुणीच करत नाही.

नवऱ्याला ती काढायची होती. कारण त्याच्या साडूनं, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्यानं, गणपतीत मोठी ऑटोमॅटिक गाडी घेतली आणि तिच्या छताला खिडकी आहे. आमच्याकडे मे महिन्यात लोक छतावर उसाचं पाचट टाकतात आणि हे महाशय वर खिडकी मागतायत! मी एकदा विचारलं, "त्या खिडकीतून बघायचं काय?" तर म्हणाला, "आभाळ." जसं काही अंगणातलं आभाळ कुणी उचलून नेलं होतं.

आता माझं सांगते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा माजलगावपासून वीसेक किलोमीटरवर आहे. चाळिशीत गाडी शिकले आणि गेली सात वर्षं रोज हीच घेऊन जाते. त्याआधी काळी-पिवळी जीपमध्ये, तिघांच्या सीटवर पाचवी म्हणून बसून जायचे. नवी गाडी आली की ती 'घरची' होणार, नवरा चालवणार, मला "राहू दे, ओरखडा पडेल" ऐकायला मिळणार, आणि मी पुन्हा काळी-पिवळीत. याची मला खरंच भीती वाटत होती. पण बोलून दाखवायला गेलं की तो हट्टासारखा वाटायचा, म्हणून गप्प बसले होते.

शेवटी ठरलं असं: परळीत हमीदभाई म्हणून एक मेकॅनिक जुन्या गाड्या घेतात, त्यांना गाडी दाखवायची. जमलं तर तिथंच देऊन एसटीनं परत यायचं. भाऊबीज तोंडावर होती, त्यामुळे वाटेत धारूरचा किल्ला, घाटनांदूरला नणंदेकडे मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी वैजनाथाचं दर्शन, असं सगळं एकात बसवलं. सोबत सासरे होते. नवरा त्यांना आबा म्हणतो, मी मामा म्हणते. वय ऐंशीच्या आसपास, त्यातली साठ वर्षं बैलांच्या संगतीत गेलेली.

सकाळी सातला निघालो. नवरा स्टेअरिंगवर, कारण लांबचा प्रवास असला की गाडी आपोआप त्याची होते. मामा दार उघडून उभेच राहिले.

"पैली गोष्ट," ते म्हणाले, "गाडीत बसून इकायची भाषा करायची न्हाई. जनावराम्होरं सौदा बोलत न्हाईत. कानावर पडलं की चारा सोडतंय."

"आबा, ही पेट्रोल पिते."

"मंग पेट्रोल सोडंल."

आम्ही हसलो. पण मामा गंमत करत नव्हते. तेलगाव यायच्या आधीच नवरा बोलून गेला, "हमीदभाईला आधी टायर दाखवू, म्हणजे भाव..." मामांनी मागून त्याचा खांदा असा दाबला की गाडी रस्त्याच्या कडेलाच गेली. तिघं उतरलो. मामांनी आम्हाला तुरीच्या शेताच्या बांधावरून चालवत नेलं.

"बैलाला पन्नास पावलावरचं ऐकू येतंय. हिचं ठाव न्हाई. सत्तर धरा."

सत्तर पावलं मोजून आम्ही टायरविषयी दोन वाक्यं बोललो आणि सत्तर पावलं परत आलो. मग हेच सुरू झालं. कुणाला मुद्दा सुचला की गाडी थांबवायची, उतरायचं, चालायचं, भांडायचं, परत यायचं. गाडी दोन दिवसांत एकदाही बंद पडली नाही. आम्ही मात्र अकरा वेळा थांबलो. तुम्ही हीच वाट धरणार असाल तर माजलगाव ते धारूर दीड तास पुरे. गाडी विकायची असेल तर तीन धरा.

धारूरचा घाट अरुंद आहे आणि वळणं एकाला एक चिकटून आहेत. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांचे ट्रॅक्टर असतात. ट्रॉलीत संसार, वर बांधलेली बाज, बाजेवर एक शेळी, आणि ती शेळी मागच्या गाड्यांकडे फौजदारासारखी बघते. अशा ट्रॅक्टरमागं लागलात तर पुढं जायची घाई करू नका, ते लोक हात करून वाट देतात. आमचा हॉर्न दर डाव्या वळणाला आपला आपण वाजत होता, म्हणजे घाटात तर तो दोष राहतच नाही. थांबायला जागा नसल्यानं भांडणही बंद होतं. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये गुणगुणत चढली. "दम टाकंल म्हनत व्हता," मामा नवऱ्याकडे बघत हळूच म्हणाले आणि सीटवर दोनदा थोपटलं.

वर आल्यावर सीताफळवाल्या बसतात. टोपलीभर सीताफळं दीडशेत मिळाली. डोळे उघडलेली घ्या, संध्याकाळपर्यंत पिकतात. मी निवडत होते, तेवढ्यात नवऱ्याला सर्व्हिसिंगचा मुद्दा आठवला आणि आम्ही तिघं एकामागोमाग एक गाडीपासून झपाझप लांब निघालो. सीताफळवाली बाई टोपली सोडून उठलीच.

"अवं ताई, कावून पळालाव? गाडीत साप हाय का?"

"नाही हो मावशी, जरा बोलायचंय."

"मंग बसून बोला की!"

मामांनी तिला कारण सांगितलं. ती जराही हसली नाही. "बराबर हाय," म्हणाली, "आमी म्हस इकली तवा पोरान्ला बी सांगितलं न्हवतं." आणि दोन सीताफळं वरती दिली. ती गाडीसाठी असावीत, कारण तिनं ती बॉनेटवर ठेवली.

धारूरचा किल्ला एक-दीड तासात बघून होतो. आम्हाला कुणी तिकीट मागितलं नाही. पाण्याची बाटली गावातूनच घ्या. आत मोठी तळी आहेत, तट रुंद आहे, वारा भरपूर. गाडी पार खाली उभी असल्यामुळे वर मनसोक्त भांडता आलं. नवऱ्याचे मुद्दे: वय, सुटे भाग, चार लोकांत शोभा. माझे मुद्दे: चालते. एवढ्या तयारीच्या माणसासमोर माझी बाजू लंगडी पडत होती. खरा मुद्दा घशाशी आला होता, पण शेजारी एक कुटुंब फोटो काढत होतं आणि मी तो गिळला.

लंगडं पडायची पाळी पुढं दुसऱ्याचीच आली. अंबाजोगाईच्या वाटेवर नवव्या थांब्याला नवरा मला ऑटोमॅटिकचे फायदे सांगत उलट्या पावलांनी चालत होता. साठ-पासष्ट पावलं झाली असतील, आणि बाभळीचा काटा चपलेतून थेट उजव्या टाचेत गेला. त्यानं जी आरोळी ठोकली ती सत्तर पावलांच्या कितीतरी पलीकडे गेली असणार. मामांनी माझी सेफ्टी पिन घेऊन काटा काढला, पण पाय टेकवेना.

"ब्रेक दाबता येईल?" मी विचारलं.

त्यानं पाय दाबून बघितला आणि डोळ्यांत पाणी आणून चावी माझ्या हातात दिली. त्याला दुखत होतं याचं मला वाईट वाटलं. पण गाडी चालवायला मिळाली याचा आनंद त्याहून जास्त होता, खोटं कशाला बोलू?

पुढचा सगळा रस्ता नवरा शेजारी बसून रिकाम्या जागी डाव्या पायानं ब्रेक दाबत होता. अंबाजोगाईत भजी आणि चहा घेतला, तिघांचे शंभर रुपये. चार वाजता घाटनांदूरला नणंदेच्या अंगणात पोचलो. ओवाळणी झाली, धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी झाली, आणि नणंदेनं सहज विचारलं, "मंग, गाडीचं काय ठरलं?" मामांनी ओठांवर बोट ठेवून अंगणाकडे खूण केली. ती म्हणाली, "मंग आत बोलू." मामा म्हणाले, "खिडकी उघडी हाय." शेवटी सगळं घर मागच्या गोठ्यात जाऊन उभं राहिलं.

"आबा, इथं म्हस ऐकतीय की," नणंद म्हणाली.

"ऐकू दी. तिला कुठं इकायची हाय?"

दुसऱ्या दिवशी परळी. औष्णिक केंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसतात. राखेच्या गाड्यांमागून गेलात तर काचा वर ठेवा. आमची एक काच वरच अडकलेली असते, तेवढी सोय. "छताला खिडकी असती तर आत्ता आभाळ डोक्यावर पडलं असतं," मी म्हणाले. नवरा पाय चोळत राहिला. दर्शनाला सकाळी आठच्या आधी जा, अर्ध्या तासात होतं. मी देवाकडे काय मागितलं ते तुम्ही ओळखलंच असेल.

हमीदभाईंचं गॅरेज स्टेशनच्या बाजूला आहे. पन्नाशीचे गृहस्थ, हात काळे, बोलणं मधाळ. त्यांनी बॉनेट उघडलं, फटीत अडकलेली सीताफळाची देठं झटकली आणि इंजिनाला कान लावला. मग म्हणाले, "इंजन तं एकदम तंदुरुस्त हाय, साहेब. बोला, काय अपेक्षा हाय?"

नवरा तोंड उघडणार, तोच मामा पुढं झाले. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून हातावर टाकलं आणि हात पुढं केला. आमच्याकडे बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. कापडाखाली हातात हात घालून बोटं दाबतात, बघणाऱ्याला काही कळत नाही. हमीदभाईंचा चेहरा फुलला.

"आबा! माझे अब्बा बैलांचेच दलाल व्हते. लई वर्सांनी कुनी असा हात पुडं केला."

आणि भर गॅरेजात उपरण्याखाली झटापट सुरू झाली. हमीदभाई नाही म्हणून मान हलवायचे, मामा आकाशाकडे बघायचे. नवरा लंगडत दोघांभोवती फेऱ्या घालत होता. "किती? आबा, किती म्हणतायत?"

"हातातलं तोंडानं सांगत नसत्यात."

पाच मिनिटांनी उपरणं निघालं. सौदा ठरला होता. हमीदभाईंनी चावीसाठी हात पुढं केला, आणि मामा शांतपणे म्हणाले, "चावी न्हाई मिळायची."

"मंजे?"

"जनावर देतो आमी, दावं देत न्हाई. दाव्यासंगं घरची बरकत जाती. तुमी तुमचं दावं आना."

नवऱ्यानं कपाळावर हात मारला. "आबा, चावीशिवाय गाडी कशी नेणार ते?"

गंमत म्हणजे हमीदभाई हसले नाहीत. ते विचारात पडले. "न्हाई साहेब, आबांचं खरं हाय. अब्बा बी दावं परत द्यायचे. पन दुसरी चावी बनवायला तं ही घेऊनच बनवावी लागंल..." मग त्यांनी इकडं-तिकडं बघितलं. "चावी हाय कुनाकडं?"

चावी माझ्या मुठीत होती. इतकी घट्ट की बोटं दुखत होती.

"गाडी तुमी चालवत आनली का, ताई?"

"हो. रोज मीच चालवते."

"मंग तुमाला इचारलं का कुनी? द्यायची का न्हाई?"

दोन महिन्यांत, अकरा थांब्यांत आणि एका किल्ल्यावर हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. विचारला तो गाडी घेणाऱ्यानं. गाडी जेमतेम चार पावलांवर होती, पण मी सत्तर मोजत बसले नाही.

"मला नाही द्यायची," मी म्हणाले. "नवी आली तर ती मला कुणी चालवू देणार नाही. ही गेली की मी परत जीपमध्ये. मला ते नको आहे."

हमीदभाईंनी हात पुसले आणि म्हणाले, "सौदा मोडला. चाय घ्या." मोडलेल्या सौद्याचा चहा त्यांनीच पाजला, आणि काच खाली घ्यायला स्क्रू ड्रायव्हर लागू नये म्हणून दुसऱ्या एका जुन्या गाडीचं हँडलही बसवून दिलं. पैसे घेतले नाहीत. मामांनी बळेच सीताफळाची पिशवी दिली.

परतीला सिरसाळ्याचा सपाट रस्ता. मागं मामा झोपले. सिरसाळा सोडल्यावर नवरा म्हणाला, "मला वाटलं होतं, तुलाही नवी आवडेल."

"आवडेल ना. घेतली तर द्याल का मला चालवायला? शाळेपर्यंत? पावसाळ्यात, चिखलात?"

तो तेलगाव येईपर्यंत बाहेरचा ऊस बघत राहिला. मी वाट बघितली. खोटं हो म्हणाला नाही, हे मला मनापासून आवडलं. तेलगावला चहा सांगितल्यावर त्यानं मोबाईल काढून साडूच्या गाडीचा फोटो बघितला, परत खिशात ठेवला आणि एक उसासा सोडला. त्याचीही हौस खोटी नव्हती. मला त्याची दया आली, पण चावी देण्याइतकी नाही.

दोन दिवसांत पेट्रोल साधारण हजाराचं लागलं, बाकी खाणं किरकोळ. टाच आठवड्यात बरी झाली. कापडाखाली ठरलेला भाव मामांनी आजतागायत कुणाला सांगितलेला नाही.

सुट्टी संपून शाळा उघडली त्या सोमवारची गोष्ट. मी निघायच्या घाईत डबा भरत होते. शोरूममधून एका मुलीचा नवऱ्याला फोन आला, जुनी गाडी एक्स्चेंजला कधी आणताय म्हणून. आरसी बुकावर नाव त्याचं आहे. सतरा वर्षं तो 'माझी गाडी' म्हणत आलाय. तो म्हणाला, "मॅडम, ती गाडी माझी नाही. मिसेसची आहे. त्यांचा नंबर देतो, त्यांना विचारा."

दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. मी उचलला नाही. मी गाडी चालवत होते.