जोसेफच्या गाडीवरचा डाग

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे मला मध्येच थांबवलंत तर मी सांगणारच नाही! एका दसऱ्याला मी एका भल्या माणसाची गाडी धुतली. बस, एवढंच. पण अशी धुतली, अशी धुतली, की आमच्या ह्यांनी आठवडाभर मला फडक्याला हात लावू दिला नाही.

पंतप्रधान इंदिराबाई गेल्या त्याच्या मागल्या-पुढल्या वर्षातली गोष्ट. आम्ही तेव्हा अंधेरीला, मरोळच्या बैठ्या चाळीत. हे कारखान्यात फिटर. ह्यांचा गोरा साहेब विलायतेला परत गेला तेव्हा जाताना आपली बंद पडलेली रेसची गाडी ह्यांच्या गळ्यात मारून गेला. दोनच माणसं बसतील अशी, टप उघडा, बूड जमिनीला टेकलेलं. घरात आम्ही सात माणसं आणि गाडी दोघांची! सासूबाई म्हणायच्या, "उरलेल्या पाचांनी काय मागून धावायचं?"

पण ह्यांचा जीव त्या गाडीवर. आणि मुंबईत असले वेडे आणखीही आहेत म्हणे! दर रविवारी सकाळी आरे कॉलनीत झाडाखाली सगळे आपापल्या जुन्या गाड्या घेऊन जमायचे. गाड्यांची तोंडं उघडायची, आत डोकी घालायची आणि वाद घालायचा.

वादात दोघे पट्टीचे. एक कोंडिविट्याचा जोसेफ. बायको लवकर गेलेली, एकटा माणूस. त्याचं म्हणणं, गाडी जशी मिळाली तशीच ठेवायची. रंग उडाला? उडू दे. पत्रा चेपला? चेपू दे. दुसरा घाटकोपरचा शांतिभाई. तो दर दिवाळीला गाडीला नवा रंग मारायचा. तेव्हा पोपटी होती. लांबून बघितलं तर कोणीतरी मिरच्यांची पाटी सांडलीय असं वाटायचं!

जोसेफ म्हणायचा, "शांती, तू गाडी नाय, नवरी चालवतोस."

शांतिभाई म्हणायचा, "आणि तू? तू तर मयत चालवतो!"

असं हसत-खेळत चाललेलं. पण एका रविवारी हे घरी आले ते तोंड पाडूनच. ताटावर बसले, भात चिवडला, उठले.

"काय झालं हो?"

"मोडलं सगळं. जोसेफ म्हणाला, परत येणार नाही."

"अहो पण कशावरून?"

"कशावरून काय! त्याच्या गाडीच्या दारावर एक पांढरा डाग आहे. शांतिभाई म्हणाला, तो डाग पुसून टाक, गाडी माणसात येईल. जोसेफ म्हणाला, पुसणार नाही. शब्दाला शब्द वाढला."

आता तुम्हीच सांगा, ह्यात मी काय समजायचं? डागावरून भांडण! मी मनात म्हटलं, बिचारा एकटा माणूस. घरात बाई नाही, डाग कसा काढायचा हे ह्याला कोण सांगणार? निघत नसेल, आणि निघत नाही म्हणायची लाज वाटत असेल, म्हणून म्हणतो पुसणार नाही! पुरुषांचं असंच असतं की नाही?

पुढचा रविवार गेला, जोसेफ आला नाही. त्याच्या पुढचाही गेला. हे गाडीपाशी नुसते बसून राहायचे, पाना हातात आणि नजर भलतीकडेच. माझ्याच्याने बघवेना. दसरा जवळ आला होता. मी ह्यांना न विचारता दोघांकडे निरोप धाडला: दसऱ्याला गाडी घेऊन जेवायला या. दोघंही येणार हे मात्र दोघांनाही सांगितलं नाही. हुशार ना मी? थांबा!

जोसेफ आधी आला. ह्यांनी त्याला मिठीच मारली आणि झेंडूची फुलं आणायला नाक्यावर घेऊन गेले. अंगणात मी आणि ती गाडी.

बघितलं तर काय, दारावर खरंच हाताएवढा पांढरा डाग. पोपडे सुटलेला, वाकडातिकडा, खाली ओघळ आलेला. मी म्हटलं, हात्तिच्या! हे तर कावळ्यांचं काम! ह्यावरून दोन मोठी माणसं भांडली?

पदर खोचला. देवाची तांब्याची भांडी घासायला चिंच भिजवलेलीच होती. ती घेतली, चुलीतली राख घेतली, नारळाचा काथ्या घेतला आणि बसले. आधी हटेना. पण मी कोण? घासला, घासला, दार आरशासारखं केलं! मग म्हटलं, दसऱ्याची गाडी कोरडी कशी ठेवू? तेलात कुंकू कालवलं आणि बॉनेटवर पाची बोटं उठवली. जरा तिरकी उठली, पण भाव चांगला.

तेवढ्यात शांतिभाईची पोपटी गाडी दारात. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "या! बघा, तुमचा डाग काढला. आता भांडण मिटलं!"

शांतिभाईने जोसेफच्या गाडीच्या दाराकडे बघितलं आणि त्याचा चेहरा आपल्या गाडीच्याच रंगाचा झाला.

"अरे भाभी, आ शुं कर्युं तमे! डाग तर मी चिडवायला म्हणतो, तो नंबर होता! जोसेफचा बाप ह्या गाडीतून रेस धावायचा. त्याने स्वतःच्या हाताने रंगवलेला नंबर!"

माझ्या हातातला काथ्या गळून पडला. "मग तुम्हीच पुसून टाक म्हणत होतात ना?"

"म्हणत होतो! म्हणायला काय जातं? माझं मत आहे ते! पुसायचं कोणी सांगितलं?"

ऐकलंत? मत म्हणजे नुसतं सांगायचं असतं, करायचं नसतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं!

"आता काय करायचं हो?"

"चुना आहे?"

सासूबाईंच्या पानाच्या डब्यातला चुना आणून दिला. शांतिभाई पांढऱ्या सफारीसकट चिखलात गुडघे टेकून बसला आणि बोटाने आकडा काढायला लागला. आणि नेमके त्याच वेळी हे आणि जोसेफ फुलं घेऊन आले.

जोसेफने बघितलं. दार लख्ख. दारापुढे शांतिभाई. बोटाला चुना.

"पुसलास?" जोसेफचा आवाज एवढासा झाला. "शेवटी पुसलास ना रे, शांती?"

आणि शांतिभाई! तो मान खाली घालून गप्प बसला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. परका माणूस, माझ्यासाठी आपल्या दोस्ताचा शाप घ्यायला तयार!

मला राहवलं नाही. "भावजी, त्यांनी नाही, मी! ही चिंच, हा काथ्या. मला वाटलं कावळा..."

हे तर फुलांची पिशवी पोटाशी धरून भिंतीला टेकले.

जोसेफ गाडीच्या दारापाशी उकिडवा बसला. आधी लख्ख पत्र्यावरून हात फिरवला. मग त्या चुन्याच्या आकड्याकडे बघत राहिला, बघतच राहिला.

"शांती, आकड्याचा पाय असाच वाकडा होता. आणि हा ओघळ... तुला कसा ठाऊक?"

"दर रविवारी त्याच्याकडे तोंड करूनच भांडलो ना तुझ्याशी! पाठ होणार नाय?"

जोसेफ हसला. डोळ्यांत पाणी आणि हसतोय. शांतिभाईला हाताला धरून उठवलं आणि आपल्या खांद्याच्या रुमालाने त्याचं चुन्याचं बोट पुसलं. मग ओल्या फडक्याने तो चुन्याचा आकडाही पुसून टाकला.

"अरे, काय करतो?"

"बापाचा नाय तो. खोटा मला नको."

"मग दार रंगव आता!"

"नाय रंगवणार! गाडीवर जे घडलं ते तसंच राहणार. दार असंच लख्ख, आणि वहिनींची पाच बोटं पण तशीच."

"ती तिरकी बोटं? गाडी आहे का देऊळ?"

"माझी गाडी, माझं मत!"

"आणि माझं मत, तू गाढव आहेस!"

लागले की भांडायला! ह्यांनी डोळे मिटून श्वास सोडला आणि मला म्हणाले, "अगं, पुऱ्या तळ. जमलं."

त्या दिवशी जोसेफने शांतिभाईला आपट्याचं पान दिलं आणि आम्ही सगळे पोटभर जेवलो. माझी तिरकी बोटं त्या बॉनेटवर कायमची राहिली. मला मेली लाज वाटायची, एकदा हळूच फडकं घेऊन गेले, तर जोसेफ लांबून ओरडला, "वहिनी, हात नाय लावायचा! ओरिजिनल आहे!"

पुढे दर दसऱ्याला गाड्या आमच्याच अंगणात यायला लागल्या. रंगावरून, टायरवरून, टपावरून, प्रत्येक गोष्टीत त्यांची दोन मतं, आणि दोन्ही मतं तेवढ्याच प्रेमाने ऐकून घ्यायची रीत. एकाच बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत: गाड्या यायच्या आधी माझी चिंच आणि काथ्या माळ्यावर जायचा. शिडी हे धरायचे, वर जोसेफ चढायचा, आणि खालून शांतिभाई ओरडायचा, "अजून आत ढकल, भाभीचा हात पोचतो तिथे!"