रिकामी झालेली स्क्रीन

सायरन वाजला तेव्हा मी कारखान्याच्या गेटला लागून असलेल्या ऑफिसात होते. सौदीत दम्मामहून अल खफजीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा तो छोटा रसायन कारखाना. नवरा आत पंपहाऊसवर आणि मी बाहेर कॉम्प्युटरवर.

आमच्या सर्व्हरचं काम तसं सरळ होतं. धोका झाला की गेटवरचं मशीन आत असलेल्यांची नावं पाठवणार आणि आमचा प्रोग्रॅम ती गेटजवळच्या मोठ्या स्क्रीनवर दाखवणार. बाहेर येऊन कार्ड लावलं की नाव पुसलं जाणार.

त्या दिवशी खरंच गॅस गळाला. माणसं धावत येत होती, नावं भराभर पुसली जात होती. बघता बघता स्क्रीन रिकामी झाली. सेफ्टीवाल्याने हात वर केला, "खलास! सब बाहर!" आत निघालेलं बचाव पथक तिथेच थांबलं.

मी गर्दीत नवऱ्याला शोधू लागले. दिसेना. फोन लावला, तर रिंग माझ्या पाठीमागेच वाजली. आत मोबाइल न्यायला बंदी, म्हणून सगळे फोन गेटवरच्या कप्प्यांत ठेवतात. त्याचा तिथेच थरथरत होता.

"मेरा आदमी अंदर है!" मी किंचाळले. सेफ्टीवाला आपला स्क्रीनकडे बोट दाखवतोय.

"स्क्रीन छोड़ो! पंपहाउस जाओ, यल्ला, जल्दी!"

पथक गेलं. मी प्रोग्रॅम उघडला. नावं घेण्याचा भाग आमच्या हैदराबादी सीनियरने लिहिला होता. सर्व्हरकडे येणारी मोठी यादी एकदम येत नाही, तुकड्यातुकड्यांनी येते. सगळे तुकडे आले की शेवटी 'संपलं' असा इशारा मिळतो. या शहाण्याने पहिला तुकडा हाती पडताच यादी पूर्ण झाली असं धरलं होतं! प्रोग्रॅमच्या लेखी पुढच्या तुकड्यांतली माणसं त्या दिवशी कामावर आलीच नव्हती म्हणायची. मला विश्वासच बसेना. इतके महिने हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? तर आम्ही टेस्टिंग कायम नमाजाच्या वेळी करायचो. गेटवर वर्दळ नाही, कुणाची कटकट नाही. पण तेव्हा आत मोजकीच माणसं असायची आणि त्यांची नावं एकाच तुकड्यात मावायची.

पथक नवऱ्याला घेऊन आलं. पंपांच्या घरघरीत, कानांवर आवाज अडवणारे मफ लावलेले असल्याने त्याला सायरन ऐकूच गेला नव्हता.

"अगं, रडतेस काय? झालं काय?"

शेजारी सीनियर पांढराफटक पडून एकच घोकत होता, "टेस्ट में तो सब ठीक था, भाभी."

"टेस्ट में मेरा आदमी अंदर नहीं था!" मी ओरडले.