बसच्या आधी घाटमाथ्यावर

माझे इंद्रभानमामा एकाहत्तरच्या लढाईत होते. आता ते पंचाहत्तरीला टेकलेत आणि चिखलीला मुलाकडे राहतात. लढाईचं विचारलं तर चार वाक्यांत आटोपतात. फौजेत जाण्याआधीचं विचारलं तर मात्र समोरचा चहा निवून जातो. त्यातून माझी आई जवळ बसलेली असली तर बघायलाच नको. आई, सरस्वती, त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, आणि मामांचं प्रत्येक वाक्य दुरुस्त करणं हा तिचा हक्कच आहे.

त्यांचं गाव राजूर घाटाच्या पायथ्याशी. वडील उकंडराव, आई सत्यभामाबाई. शेतात कापूस-ज्वारी, विहिरीपाशी वांगी-मिरच्या. उकंडराव अगदीच अबोल. बैलांशी जेवढं बोलत तेवढंही माणसांशी बोलत नसत. मामांची तऱ्हा उलटी. त्यांना एका जागी बसवत नसे. शेतात जायचं तर पळत, विहिरीवर जायचं तर पळत, आणि जेवायला बोलावलं तर सत्यभामाबाईंनी ताट वाढायच्या आत हजर.

मामा अकरा वर्षांचे असतानाची गोष्ट. शेताच्या बांधाचं काहीतरी काम होतं म्हणून उकंडराव सकाळच्या एस.टी.नं बुलढाण्याला कचेरीत निघाले. बस गेली आणि सत्यभामाबाईंचं लक्ष खुंटीकडे गेलं. कागदांची पिशवी तिथंच लटकत होती.

"अवं माय, हे तं इथंच राह्यलं!" त्या कपाळाला हात लावतात तोवर मामांनी पिशवी ओढली आणि पळाले.

बसमागे नाही पळाले. घाटाचा रस्ता वळणं घेत घेत वर चढतो, आणि गुरांच्या पायांनी पडलेली एक आडवाट डोंगरावरून नीट माथ्यावर जाते, हे त्यांना ठाऊक होतं. त्या काळची बस घाटात बैलगाडीसारखी चालायची आणि कधीकधी मध्ये थांबून इंजिनात पाणी ओतावं लागायचं. बस माथ्यावर पोचली तेव्हा रस्त्याच्या मधोमध एक पोरगा उभा. गुडघे खरचटलेले, सदऱ्यात कुसळं आणि हातात पिशवी.

कंडक्टर किसनराव दारातूनच ओरडले, "काय बे, मराले आला का?"

"बाची पिशवी राह्यली," मामा धापा टाकत म्हणाले.

उकंडराव खाली उतरले. पिशवी घेतली, मुलाच्या सदऱ्यातलं एक कुसळ काढलं आणि एक शब्द न बोलता परत बसमध्ये चढले. पण किसनरावांना राहवलं नाही. "अरे, आमी निंघालो तवा तू तं खाली गावातच होता ना?" ते म्हणाले. "पाहू बरं, येत्या रविवारी पुन्हा येतं का!"

रविवारी बुलढाण्याचा बाजार. सत्यभामाबाई वांग्यांची टोपली घेऊन बसनं जायच्या आणि हाताखाली माझ्या आईला न्यायच्या. त्या रविवारी किसनरावांनी गावातून निघताना लांबलचक घंटी मारली आणि मामा पळत सुटले. तेव्हापासून हा दर रविवारचा खेळच झाला. बाजारकरी डावीकडच्या खिडक्यांसाठी भांडू लागले, कारण झुडपांतून मध्येच मामांचं डोकं दिसे. "तो पाहा, तो पाहा!" असा गलका व्हायचा.

पण पहिल्या दिवशी बस इंजिन तापल्यामुळे रखडली होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. रोजच्या चालीनं गेली तर बसच आधी पोचणार. आईच्या ध्यानात आलं. दुसऱ्याच वळणावर तिनं पोट धरलं आणि ओकारी काढली. ड्रायव्हरनं घाईनं बस थांबवली. ती खाली उतरली, दगडावर बसली, सावकाश चूळ भरली. मामा जिंकले. पुढच्या रविवारीही तिला त्याच वळणावर मळमळलं. असे चार रविवार मामा जिंकले आणि गावात छाती काढून फिरले.

पाचव्या आठवड्यात भाकर खाता खाता आईच्या तोंडून निसटलं की ती ओकारी सोंगाची होती. मामांचा हातातला घास हातातच राहिला.

"तू काऊन केलं असं?"

"तू हारला असता, भाऊ."

"मंग हारू द्याचं होतं!"

तीन दिवस ते आईशी बोलले नाहीत. "चार दिवस," आई इथं हमखास दुरुस्त करते. रविवारी बस आली तेव्हा मामांनी स्वतःच किसनरावांना गाठून सांगितलं, "मागच्या चार खेपा मी नाई जिंकलो. सरूनं बस थांबोली." किसनराव पोट धरधरून हसले. मग त्यांनी आईला आपल्या शेजारी बसवलं आणि तिच्या हातात लिंबू दिलं. "हे हुंगत राह्यजो, बाई. आता ओकाचं नाई."

त्या दिवशी मामा हरले. माथ्यावर पोचले तेव्हा बस निघूनही गेली होती. पुढचा सगळा हिवाळा ते हरतच राहिले, पण एक रविवार चुकवला नाही. रोज पहाटे गुरं सोडायच्या आधी एकदा डोंगर चढून यायचे. कुठल्या दगडावर पाय द्यायचा, कुठल्या बोराटीला वळसा घालायचा, हे त्यांच्या पायांना पाठ झालं. होळीच्या आधीच्या रविवारी बसनं शेवटचं वळण घेतलं, तर मामा रस्त्याकडेच्या दगडावर बसून बोरं खात होते. अख्खी बस खाली उतरली. कुणी त्यांना काकडी दिली, कुणी गुळाचा खडा. एका म्हाताऱ्यानं तर आपला फेटाच काढून त्यांच्या डोक्यावर ठेवला. तो कानांखाली घसरला आणि मामांना काहीच दिसेना. आई सांगते, "मी तं खरंच रडली तवा. लिंबू पार पिळून टाकलं हातात."

मामा एकोणीस वर्षांचे झाले तेव्हा बुलढाण्याला फौजेची भरती आली. मैदानाला चार फेऱ्या मारायच्या होत्या. मामा आयुष्यभर चढावर पळालेले, सपाट जमीन त्यांना उतारासारखीच वाटली. इतरांना पार मागे टाकून त्यांच्या चार फेऱ्या झाल्या तरी ते थांबेनात. पाचवी फेरी अर्धी होत आली तेव्हा हवालदार शिट्टी फुंकत त्यांच्यामागे धावला.

"अरे रुको! गिनती नहीं आती क्या?"

"येते ना साहेब," मामा पळता पळताच म्हणाले, "पण कोनी थांब म्हणालंच नाई!"

निवड झाली. घरी सांगायचं कसं, हा प्रश्न होता. सत्यभामाबाईंनी ऐकलं, उठून चुलीपाशी गेल्या आणि पाठमोऱ्या बसून लाकडं सारू लागल्या. मग तिथूनच त्यांनी विचारलं, "थ्या लोकाईले मालूम हाय ना, तुले किती भूक लागते थे?" मामा हसले, त्याही हसल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून लाडू वळायला बसल्या.

प्रशिक्षण जबलपूरला होतं. गाडीत बसवायला उकंडराव मलकापूर स्टेशनवर गेले. ट्रंक वर ठेवून देतो म्हणून डब्यात चढले आणि ट्रंक ठेवून मुलाच्या शेजारी टेकले. गाडीनं शिट्टी दिली.

"बा, उतरा! गाडी चालली!"

"चालू दे," उकंडराव म्हणाले.

आणि मग तो अबोल माणूस भुसावळ येईपर्यंत बोलत होता. समोरच्या बाकावर अमरावतीकडचं एक कुटुंब होतं. त्यांना त्यांनी पिशवीची, बसची, पाचव्या फेरीची सगळी हकीगत सांगितली. मामा तोंड उघडं टाकून ऐकत होते. वडिलांनी त्या दिवशी बसच्या खिडकीतून आपल्याला सबंध चढ चढताना पाहिलं होतं, हे त्यांना आठ वर्षांनी त्या गाडीत कळलं. भुसावळला उकंडराव उतरले, मुलाच्या पाठीवर एक थाप मारली आणि परतीची गाडी शोधायला निघून गेले.

दीड वर्षानं लढाई लागली. मामा टेलिफोनची तार टाकणाऱ्या तुकडीत होते. खांद्यावर तारेचं भेंडोळं घेऊन एका चौकीवरून दुसरीवर पळायचं, तुटलेली तार जोडायची, परत पळायचं. त्यांच्याबरोबरचे दोघे गेले. त्यांची नावं मामा घेतात आणि तिथं थांबतात. त्याहून जास्त कुणी विचारत नाही.

आईचं लग्न धामणगाव बढ्याला ठरलं होतं, पण तिनं हटून सांगितलं होतं की भाऊ आल्याशिवाय मी बोहल्यावर उभी राहणार नाही. बहात्तरच्या मे महिन्यात मामांना रजा मिळाली आणि आठ दिवसांत मांडव पडला. अंगानं भरलेले, काळेभोर झालेले मामा कानपिळीला पुढं आले. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान हलकासा पिळायचा, एवढीच रीत. पण दोन वर्षं तार ओढलेली ती बोटं.

माझे बाबा मांडवात असे ओरडले की वाजंत्री थांबली. "माह्या बहिनीले नीट वागवजा," मामा म्हणाले. बाबांनी मान हलवायचा प्रयत्न केला, पण कान अजून मामांच्या चिमटीतच होता.