एका घरातले दोन 'अहो'

"अहो, या जेवायला!" अशी शेजारच्या मावशींची हाक आली की त्यांच्या घरात दोघं उठायचे. एक आबा, म्हणजे मावशींचे यजमान, गुडघ्यावर हात टेकून सावकाश. दुसरा आमचा कुत्रा, आबांच्याच खाटेखालून, धावत. ताटाजवळ आधी पोचायचा अर्थातच कुत्रा. "तुमाला न्हाई म्हनलं," असं मावशी त्याला दटावायच्या आणि भाकरीचा पहिला तुकडा त्यालाच द्यायच्या.

या सगळ्या घोटाळ्याचं मूळ आम्ही.

वराळ्यात आम्ही घर घेतलं तेव्हा कुंपणाच्या भिंतीपलीकडे मावशींचा गोठा होता. आमची सोसायटी जिथं उभी आहे तिथं पूर्वी त्यांचाच भात व्हायचा. मेव्हण्यानं पुण्याहून एक पिल्लू आणून दिलं, यॉर्कशायर टेरियर. वजन दुधाच्या चार पिशव्यांएवढं, केस रेशमासारखे, आणि दाढीमिशा निवृत्त हवालदाराच्या. त्या मिशा बघूनच बायकोनं नाव ठेवलं, बबन.

आता तुम्हीच सांगा, शेजाऱ्यांचं नाव विचारून कोणी कुत्र्याचं बारसं करतं का? आम्ही आपले सकाळ-संध्याकाळ ओरडतोय. "बबन, गप बस!" "बबन, तिथं शू करायची नाही!" "बबन, चप्पल सोड म्हणते ना!"

एके दिवशी मावशी फाटकात येऊन उभ्या राहिल्या. डोईवर पदर, हाताला शेण, चेहरा गंभीर.

"भाऊ, कुत्र्याचं नाव काय म्हनला?"

"बबन."

"आमच्या ह्यांचंबी त्येच हाय."

बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. आम्ही दोघंही धावत आबांची माफी मागायला गेलो, नाव आजच बदलतो म्हणालो. आबा खाटेवर बसून हसत होते. "ऱ्हाऊ द्या वो. आय गेल्यापास्नं मला नावानं कुनी हाक मारली न्हाई. समदी आबा म्हनत्यात, ही अहो म्हनती. तुमी वरडता तवा ल्हान झाल्यागत वाटतं."

नाव राहिलं. पण मावशींची पंचाईत झाली. नवऱ्याचं नाव त्यांनी लग्नात एकदा उखाण्यात घेतलं तेवढंच. ते आता कुत्र्यासाठी घ्यायचं? शक्यच नाही. म्हणून त्या त्यालाही अहो म्हणू लागल्या, आणि एकदा अहो म्हटलं की पुढचं सगळं ओघानंच आलं. "अहो, चिखलात नगा जाऊ." "अहो, म्हशीच्या पायात कशाला कडमडताय?" इतक्या मानानं त्याच्याशी आजवर कोणी बोललं नव्हतं. महिन्याभरात तो बबन या हाकेला कान हलवेनासा झाला.

आम्ही दोघंही नोकरीला जायचो, त्यामुळे दिवसभर तो त्यांच्याकडे. जात कुठली म्हणून मावशींनी विचारलं तेव्हा मी सांगितलं. त्यांनी ते घोळवून घोळवून "यार्कशेर" केलं. "शेर हाय म्हंजी," आबा म्हणाले. आणि खरोखर, गोठ्यातल्या कडब्यात पहिला उंदीर धरला त्या दिवशी त्यानं तसंच नाक वर करून अंगणात फेरी मारली. मावशींनी आळीभर सांगितलं. त्यांच्या सुनेच्या नोकरीचंसुद्धा इतकं कौतुक झालं नव्हतं.

चुका त्यांनीही पुष्कळ केल्या. या कुत्र्याचे केस माणसासारखे वाढत राहतात, रोज विंचरले नाहीत तर जटा होतात. मावशींनी विंचरायच्या आधी खोबरेल चोपडलं. संध्याकाळी आम्हाला परत मिळाला तो पेंढ्याचा चालता भारा. मग दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात काळा दोरा आला, आणि तो बदकासारखा खोकायला लागला. तळेगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, यांची श्वासनळी नाजूक असते, गळ्याला काहीही बांधायचं नाही. मावशींनी तिथंच तपासायच्या टेबलावर दोरा तोडला. घरी येऊन आबांच्या जुन्या बंडीचा छातीवरून बांधायचा पट्टा शिवला. दुसऱ्या दिवशी कुत्रा आणि आबा एकाच कापडात अंगणात बसलेले दिसले.

मला त्यांचं कौतुक वाटायचं ते त्यांच्या या न लाजण्याचं. चुकलं तर चुकलं म्हणायच्या आणि पुढच्या कामाला लागायच्या. रोज दुपारी त्याला मांडीवर घेऊन त्या भांग पाडायच्या, डोळ्यांवर येणारे केस वर घेऊन लाल रिबिनीचा बुचडा बांधायच्या. आबा शेजारून म्हणायचे, "माझं कंदी इंचरलं न्हाईस." "तुमाला क्यास कुटं हायेत?" मावशी म्हणायच्या.

आबा गेले ते झोपेतच. आजार नाही, काही नाही.

मावशी भिंतीला टेकून बसल्या. रडल्या नाहीत. नात्यातल्या बायका एकमेकींच्या कानाला लागत होत्या, हिला रडवा, नाही तर काही खरं नाही. कुत्रा खाटेखाली. आम्ही त्याला उचलून घरी आणायचो, तो फट बघून परत जायचा. दूध, अंडं, काही तोंडाला लावलं नाही.

राख सावडून आम्ही परतलो त्या सकाळी बायकोनं त्याला खाटेखालून ओढलं, तर तो चिंधीसारखा लोंबला. डोळे उघडे, पण नजर नाही. बायको किंचाळली. इतक्या लहान कुत्र्याचं पोट फार वेळ रिकामं राहिलं की रक्तातली साखर उतरते, वेळेवर गोड दिलं नाही तर जातो, हे डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना बजावलं होतं. मी डॉक्टरांचा नंबर शोधायला लागलो. मावशी मात्र उठल्या. गुळाचा खडा पाण्यात कुस्करला, त्याला मांडीवर घेतलं आणि बोटानं हिरड्यांना चोळू लागल्या.

"अहो," त्या म्हणाल्या. "अहो, उठा की वो. असं नगा करू. मला एकटीला टाकून नगा जाऊ."

घर माणसांनी गच्च भरलेलं होतं. कुत्र्याची जीभ हलली. मावशींचं बोट त्यानं चाटलं. मग मावशींनी हंबरडा फोडला, आणि त्यांच्याबरोबर सगळं घर रडलं. मीही रडलो, सांगायला लाज कसली. त्याच पावली आम्ही त्याला तळेगावला नेलं, सलाइन लावलं, तो वाचला.

तेरावा झाल्यावर एका चुलत जावेनं मावशींना समजावलं, आता कुत्र्याला अहो म्हणणं सोड, बरं दिसत नाही.

"मग काय म्हनू?" मावशी कडाडल्या. "नाव घिऊ व्हय ह्यांचं? त्येंच्या माघारी?"

जाऊबाई उठून भांडी घासायला गेल्या.

त्यानंतर त्या घरात अहो म्हणायला तोच एक उरला, आणि तो रात्रीही तिथंच राहू लागला. आम्ही त्याचं अंथरूणही तिकडे नेऊन दिलं. पुढं म्हशी विकल्या, आणि मुलानं त्यांना परंदवडीला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. निघायच्या सकाळी मावशी आमच्या फाटकात आल्या. एका हातात कुत्रा, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत कंगवा, रिबिनी, पट्टा.

"तुमचं हाय. तुमी ठिवा," त्या म्हणाल्या, पण कुत्र्याला काही खाली ठेवेनात.

त्याला घरी परत आणायचं मी कितीतरी वेळा मनात आणलं होतं. बायकोला तर तो पोटच्या पोरासारखा. मी तिच्याकडे बघितलं. तिनं पिशवी घेतली, आत डोकावून पाहिलं, आणि तशीच मावशींच्या खांद्याला अडकवली.

"मावशी, हा आमचं कुणाचं ऐकणार? यांच्यादेखत मी त्याला अहो म्हणू का?" माझ्याकडे बोट दाखवत ती म्हणाली.

मावशी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. आता कुत्र्याला दोन्ही हातांनी कवटाळलेलं, मग डोळे त्याच्या डोक्यालाच पुसले.

सामानाच्या टेम्पोत त्या पुढं बसल्या, तो मांडीवर. टेम्पो सुरू झाला आणि बायकोला राहवलं नाही. रस्त्याच्या मधोमध उभी राहून तिनं मोठ्यानं हाक मारली, "बबन!"

कुत्र्यानं मान वळवली नाही. मावशींनी वळवली. टेम्पो फाट्याकडे वळेपर्यंत त्या खिडकीतून मागं बघत होत्या.