द्वितीयेचे पाणी

कुपा मासा पाण्यातून ओढून काढला की हाताला कोमट लागतो. मुलांनो, डब्यातला जो ट्यूना तुम्ही पावावर पसरून खाता, तो हाच. इतर मासे थंडगार येतात. याचे अंग मात्र ताप आलेल्या बाळासारखे का, याचे नवल करीत मी त्या सकाळी लहानशा होडीत बसले होते, आणि माझ्या समोर तुमचे आजोबा लहान मुलासारखे हसत होते.

नव्वदीच्या दशकातला तो मार्गशीर्ष, शुद्ध द्वितीया. आजोबा तेव्हा तापीकाठच्या शहरात, पांडेसऱ्याच्या एका कारखान्यात कापड तपासत असत. अंगठा आणि उजव्या हाताची दोन बोटे यांच्यात कापड धरून, डोळे मिटून ते सुताचा नंबर, म्हणजे सूत किती बारीक ते, सांगत. आमचे सारे घर त्या दोन बोटांवर उभे होते. खानदेशातल्या या माणसाला समुद्राची हौस उतारवयात लागली, आणि ओळखीचा धनसुखभाई, उंबरगावकडचा मच्छीमार, आम्हा दोघांना खोल पाण्यात न्यायला तयार झाला. पहाटे साडेचारला डुमसजवळच्या खाडीतून निघालो तेव्हा डिझेलचा आणि ओल्या दोरांचा वास थंडीत गोठून राहिला होता, खाडी काठोकाठ भरलेली होती. मी घड्याळ पाहून वेळ वहीत लिहिली. पाणीही पाहिले, पण भरतीच्या हिशेबात धरले नाही.

उजाडता उजाडता तापीचा गढूळपणा मागे पडला, पाणी हिरवे झाले, मग निळे. आणि पांढरी पिसे बांधलेल्या गळाला एकामागून एक कुपे लागू लागले. दहाच्या सुमारास एक मोठा लागला.

"साहेब, दोरी हाताला गुंडाळू नका!" धनसुखभाई ओरडला.

"अरे, जन्मभर सूतच गुंडाळलंय मी," आजोबा म्हणाले, आणि रिळावर धागा घ्यावा तसा त्यांनी दोरीचा आणखी एक वेढा बोटांवर घेतला. माशाने खाली बुडी मारली. धनसुखभाईने सुरीने दोरी तोडली तोवर ती त्याच दोन बोटांत हाडापर्यंत रुतली होती. मी पदर फाडून घट्ट बांधला. किनारा तीन तासांवर होता, आणि ते तीन तास त्या फडक्यावर पसरत जाणाऱ्या लालीखेरीज मी काही पाहिले नाही.

खाडीच्या तोंडाशी धनसुखभाईने इंजिन मंद केले.

"बेन, वाळूच्या दांड्यावर अजून पाणी नाय. चारपर्यंत बाहेर नांगर टाकून थांबू."

मी अलिबागकडच्या मास्तरांची मुलगी. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, हे गणित मला पाढ्यांबरोबर पाठ झालेले. "आज द्वितीया. दोन पाऊणे दीड. दीड वाजलाय, भरती पुरी झाली आहे. सरळ चला, जबाबदारी माझी."

"ते तुमच्या दर्याचं गणित, बेन. आमचा दर्या मोडो येतो, उशिरा."

आजोबांचा चेहरा पांढरा पडला होता, तरी ते अहिराणीत हसले. "तिनं गणित चुकस का कधी! चाल, भाऊ."

कापड फाटावे तसा आवाज झाला आणि होडी वाळूत रुतून एका अंगाला कलली. मग मागून, समुद्राकडून, घरघर ऐकू आली. खंबायतच्या आखाताची भरती हलकेच चढत नाही, ती धावत येते. आणि आमची होडी तिला आडवी पडलेली होती.

"बेन, आता बोलू नका!" धनसुखभाई गुडघाभर पाण्यात उतरला, छातीशी नांगर धरून लोंढ्याकडे चालत गेला आणि त्याने तो वाळूत रोवला. "ओढा दोर!" मी ओढला. काठावरून पाणी आत आले. होडी हलेना. तेव्हा आजोबांनी माझ्या हातांपुढे आपले दोन्ही हात घातले, तो फडक्यातलाही, आणि सारे अंग मागे टाकले. होडीचे तोंड कुरकुरत प्रवाहाकडे वळले. पाणी दोहो बाजूंनी फुटून जाऊ लागले. चारनंतर आम्ही त्याच दांड्यावरून अलगद तरंगत आत आलो.

धक्क्यावर मी म्हणाले, "माझी चूक झाली."

"गणित बरोबर हतुं, बेन," धनसुखभाई रिक्षा थांबवता थांबवता म्हणाला, "गाव बदललं."

बोटे वाचली. पण पहिल्या बोटाला सुताचा नंबर पुन्हा कधी कळला नाही. मासा ओढत होता तेव्हाच त्याची जाण गेली की दोर ओढताना, हे डॉक्टरांना सांगता आले असते की नाही, कोण जाणे. मी विचारले नाही. आजोबा डाव्या हाताने कापड पाहायला शिकले, मधूनच माझ्यापुढे धरून म्हणत, "तू सांग बरं." मी नुसते चाचपून परत देत असे.

आता तुम्ही दूरदेशाहून फोन करता, कधी आवाज ओला असतो, आणि उत्तर माझ्या जिभेवर तयार असते. तरी मी आधी विचारते, "तिथे किती वाजले?" तुम्ही हसता. "आजी, इथलं घड्याळ किती मागे, ते तू वहीत लिहून ठेवलंयस ना!"

लिहून ठेवले आहे. वही समोरच उघडी असते, पण तिथले पाणी तुम्हालाच दिसते.